व्हीलॅन आणि राउटिंग इंटरफेस

व्हीलॅन म्हणजे आभासी स्थानिक जाळे. एकाच नेटवर्क स्विचवर, किंवा एकमेकांना जोडलेल्या अनेक स्विचांवर, परस्परांपासून वेगळी अशी अनेक स्थानिक नेटवर्के चालवण्याची ही पद्धत होय. एका व्हीलॅनमधील संगणकाची फ्रेम दुसऱ्या व्हीलॅनमधील संगणकाकडे जात नाही. मग ते दोन्ही संगणक एकाच स्विचच्या शेजारशेजारच्या पोर्टांना जोडलेले का असेनात. त्यांच्यामध्ये हेतुपुरस्सर वाट करून द्यायची असल्यास राउटिंग इंटरफेस उभारावा लागतो. व्हीलॅन ही भिंत मानली, तर राउटिंग इंटरफेस हे त्या भिंतीतील दार ठरते.

मराठीत ‘व्हर्च्युअल’ या शब्दासाठी ‘आभासी’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. मात्र ‘आभास’ या शब्दाला खोटेपणाची छटा आहे आणि ती येथे दिशाभूल करू शकते. व्हीलॅनमध्ये वेगळ्या तारा व वेगळी यंत्रे नसतात एवढ्यापुरतेच ते आभासी. नेटवर्कांचा वेगळेपणा मात्र खराखुरा असतो, निदान मांडणी बिनचूक असेपर्यंत. प्रस्तुत लेखात म्हणून ‘व्हीलॅन’ हाच प्रचलित शब्द वापरला आहे.

गरज

इथरनेट नेटवर्कमधील प्रत्येक यंत्राला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. कोणत्या पोर्टावर कोणता मॅक पत्ता आहे हे स्विच येणाऱ्या फ्रेमवरून शिकत जातो आणि पुढची फ्रेम नेमक्या पोर्टाकडे पाठवतो. परंतु दोन प्रसंगी त्याला ती सर्व पोर्टांकडे पाठवावीच लागते. पहिला प्रसंग म्हणजे पत्ता अद्याप ठाऊक नसणे. दुसरा प्रसंग म्हणजे फ्रेम मुळातच सर्वांना उद्देशून असणे. हिला ब्रॉडकास्ट म्हणतात. ‘अमुक आयपी पत्ता कोणाचा?’ अशी एआरपीची पृच्छा, किंवा नव्याने सुरू झालेल्या संगणकाने आयपी पत्ता मिळवण्यासाठी केलेली डीएचसीपीची विनंती, या दोन्ही ब्रॉडकास्टच असतात.

चौकात उभे राहून कोणी हाक मारली की वाड्यातील प्रत्येक बिऱ्हाड कान टवकारते, तसे हे आहे. दहा बिऱ्हाडांत ते चालून जाते; हजारात चालत नाही. प्रत्येक ब्रॉडकास्ट प्रत्येक संगणकाला थांबून तपासावा लागतो. शिवाय त्या चौकात कोणीही खोटी हाक देऊ शकतो. एआरपीच्या पृच्छेला लबाडीने उत्तर देऊन दुसऱ्याची रहदारी आपल्याकडे वळवणे एकाच ब्रॉडकास्ट क्षेत्रात अवघड नसते. विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा आणि निकालपत्रे सांभाळणारे कार्यालय एकाच क्षेत्रात असले, तर हा धोका कागदावरचा राहत नाही.

इतिहास

इथरनेटची कल्पना १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी आकारास आणली. पुढे अनेक इथरनेट जोडून मोठे नेटवर्क बांधताना एक अडचण उभी राहिली : दोन स्विचांमध्ये एकाहून अधिक वाटा असल्या, तर ब्रॉडकास्ट फ्रेम त्यांतून चक्राकार फिरतच राहते. डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल रचून ही अडचण सोडवली. त्यात जादा वाटा बंद ठेवून एकच वृक्षाकार मार्ग चालू राखला जातो. परंतु त्यामुळे सगळी रहदारी मुळाजवळच्या थोड्या दुव्यांवर एकवटू लागली.

या कोंडीवर बेलकोअर या संस्थेतील डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्की यांनी उपाय शोधला. प्रत्येक फ्रेमला एक खूण जोडावी आणि वेगवेगळ्या खुणांच्या फ्रेमना वेगवेगळे वृक्ष वापरू द्यावेत, असा तो विचार होता. चेस कॉटन यांच्यासह त्यांनी तो १९८८ मध्ये निबंधरूपाने प्रसिद्ध केला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या तंत्राचा मूळ हेतू रहदारीची विभागणी हा होता. सुरक्षा हा नव्हता. भिंत म्हणून त्याचा वापर पुढे रूढ झाला. पुढे सांगितलेल्या पुष्कळ त्रुटींचा उगम या फरकात आहे.

आरंभी निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या पद्धती होत्या. सिस्को कंपनीच्या आयएसएल पद्धतीत मूळ फ्रेम जशीच्या तशी ठेवून तिच्याभोवती ३० बाइटांचे नवे वेष्टन चढवले जाई. १९९८ मध्ये आयईईई संस्थेने ८०२.१क्यू हे मानक प्रसिद्ध केले आणि निरनिराळ्या कंपन्यांचे स्विच एका नेटवर्कात नांदू लागले. आज व्हीलॅन म्हटले की हेच मानक अभिप्रेत असते.

टॅगची रचना

८०२.१क्यू मानकानुसार फ्रेममध्ये, पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्याच्या लगेच नंतर, ४ बाइटांचा टॅग घातला जातो. त्यातील पहिले १६ बिट ‘ही टॅग असलेली फ्रेम आहे’ एवढेच सांगतात. त्यांचे मूल्य सोळा-आधारी पद्धतीत ८१०० असते. पुढचे ३ बिट अग्रक्रमासाठी असतात, त्यामुळे आठ पातळ्या मिळतात. दूरध्वनीच्या संभाषणाला इतर रहदारीपुढे जाऊ देण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. त्यानंतरचा १ बिट, गर्दी झाल्यास ही फ्रेम टाकून दिली तरी चालेल का, हे सांगतो. उरलेले १२ बिट म्हणजे व्हीलॅनचा क्रमांक.

१२ बिटांत ४,०९६ क्रमांक मावतात. त्यांपैकी ० आणि ४,०९५ राखीव असल्याने ४,०९४ व्हीलॅन वापरता येतात. टॅगमुळे फ्रेमची कमाल लांबी १,५१८ बाइटांवरून १,५२२ बाइट झाली.

पोर्टांचे प्रकार

ॲक्सेस पोर्ट एकाच व्हीलॅनचे असते. त्याला जोडलेल्या संगणकाला टॅगची कल्पनाही नसते. तो साधी फ्रेम पाठवतो आणि ती कोणत्या व्हीलॅनची हे स्विच पोर्टावरून ठरवतो. ट्रंक पोर्टावरून अनेक व्हीलॅनांच्या फ्रेम टॅगसह जातात. दोन स्विचांमधील, किंवा स्विच व राउटर यांमधील, जोडणी बहुधा ट्रंक असते. एकाच यंत्रातून कर्मचाऱ्यांचे व पाहुण्यांचे अशी दोन वायफाय नावे देणारे ॲक्सेस पॉइंटही ट्रंकलाच जोडावे लागतात. प्रत्येक नावामागे एक व्हीलॅन असते.

ट्रंकवरील एक व्हीलॅन मात्र टॅगविना जाते. त्यास नेटिव्ह व्हीलॅन म्हणतात. ट्रंकवर टॅग नसलेली फ्रेम आली तर ती नेटिव्ह व्हीलॅनची समजली जाते. ही सोय वरकरणी निरुपद्रवी दिसते, पण दुव्याच्या एका टोकाला नेटिव्ह क्रमांक १ आणि दुसऱ्या टोकाला १० ठेवला गेला, तर ही दोन नेटवर्के एकमेकांत मिसळू शकतात. असे घडले तरी कोणताही संगणक बंद पडेलच असे नाही. सिस्कोचे स्विच एकमेकांशी बोलून ही विसंगती ओळखतात व सूचना देतात. भिन्न कंपन्यांच्या यंत्रांमध्ये ती दीर्घकाळ झाकली राहू शकते.

परिभाषेचाही घोळ आहे. सिस्कोच्या भाषेत ‘ट्रंक’ म्हणजे अनेक व्हीलॅन वाहणारी जोडणी. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचांवर मात्र त्याच शब्दाचा अर्थ अनेक तारा एकत्र बांधून केलेली एक जोडणी असा आहे. तेथे व्हीलॅनच्या खाली पोर्टे ‘टॅग्ड’ वा ‘अनटॅग्ड’ म्हणून नोंदवावी लागतात. एका कंपनीचे पुस्तक वाचून दुसऱ्या कंपनीचा स्विच मांडणाऱ्याने हे आधीच ताडून पाहावे.

मांडणीचे उदाहरण

एखाद्या महाविद्यालयाची कल्पना करू. कार्यालयासाठी व्हीलॅन १० व आयपी पत्त्यांचा गट १९२.१६८.१०.०/२४, संगणक प्रयोगशाळेसाठी व्हीलॅन २० व गट १९२.१६८.२०.०/२४, पाहुण्यांच्या वायफायसाठी व्हीलॅन ३० व गट १९२.१६८.३०.०/२४. व्हीलॅनचा क्रमांक आणि पत्त्यातील तिसरा अंक सारखाच ठेवण्याची सक्ती नाही, परंतु दोष शोधताना ही शिस्त फार उपयोगी पडते. एका व्हीलॅनला एक आयपी गट हा संकेत मात्र मोडू नये.

पुढील आज्ञा सिस्को आयओएस प्रणालीच्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीत टंकायच्या असतात; येथे उच्चारानुसार दिल्या आहेत. प्रथम ‘व्हीलॅन १०’ या आज्ञेने व्हीलॅन निर्माण करून ‘नेम’ या आज्ञेने त्यास नाव द्यावे. मग कार्यालयाच्या पोर्टांवर ‘स्विचपोर्ट मोड ॲक्सेस’ आणि ‘स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०’ या दोन आज्ञा द्याव्यात. प्रयोगशाळेच्या पोर्टांसाठी हेच, केवळ क्रमांक २०. वरच्या मजल्यावरील स्विचकडे जाणाऱ्या पोर्टावर ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ देऊन ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,३०’ या आज्ञेने केवळ आवश्यक व्हीलॅनांना मुभा द्यावी. हीच व्हीलॅन दुसऱ्या स्विचवरही निर्माण केलेली असली पाहिजेत. ट्रंकने वाट मिळते, व्हीलॅन आपोआप निर्माण होत नाही.

या टप्प्यावर तीन नेटवर्के पूर्णतः अलग आहेत. कार्यालयातील संगणक प्रयोगशाळेतील संगणकाला पिंग करू शकत नाही, आणि ते योग्यच आहे.

राउटिंग इंटरफेस

दोन व्हीलॅनांमध्ये पॅकेट नेण्याचे काम तिसऱ्या स्तराचे, म्हणजे आयपी पत्ते पाहून निर्णय घेणाऱ्या यंत्राचे असते. जुनी पद्धत म्हणजे स्विचची एक ट्रंक राउटरला जोडायची आणि राउटरच्या त्या एकाच पोर्टाचे प्रत्येक व्हीलॅनसाठी एक असे उपइंटरफेस करायचे. त्यावर ‘एनकॅप्सुलेशन डॉट-वन-क्यू १०’ यासारखी आज्ञा देऊन टॅगचा क्रमांक सांगावा लागतो. दोन व्हीलॅनांमधील प्रत्येक पॅकेट एकाच तारेवरून राउटरकडे जाते आणि त्याच तारेवरून परतते. लहान कार्यालयाला हे पुरते; मोठ्या ठिकाणी ती तार अरुंद ठरते.

दुसरी पद्धत स्तर ३ च्या स्विचची. त्यात राउटिंगचे काम स्विचच्याच चिपमध्ये होते. प्रत्येक व्हीलॅनसाठी एक तार्किक इंटरफेस निर्माण केला जातो. सिस्को त्यास स्विच व्हर्च्युअल इंटरफेस, म्हणजे एसव्हीआय म्हणते, तर ज्युनिपरच्या अनेक स्विचांवर त्याचे नाव आयआरबी आहे. या इंटरफेसला दृश्य पोर्ट नसते. ‘इंटरफेस व्हीलॅन १०’ या आज्ञेने तो उभा करून ‘आयपी ॲड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०’ असा पत्ता दिला, की तोच पत्ता कार्यालयातील सर्व संगणकांचा गेटवे ठरतो. व्हीलॅन २० साठी १९२.१६८.२०.१, व्हीलॅन ३० साठी १९२.१६८.३०.१.

येथे नवशिक्यांना तीन गोष्टी अडवतात. एक, ‘आयपी राउटिंग’ ही आज्ञा संपूर्ण स्विचवर दिलेली नसेल, तर इंटरफेस चालू दिसतात, प्रत्येक संगणक आपल्या गेटवेला पिंग करू शकतो, आणि तरीही पॅकेट पलीकडे जात नाही. दोन, इंटरफेस उभारला म्हणून व्हीलॅन निर्माण होत नाही. ते आधी निर्माण केलेले असावे लागते. तीन, त्या व्हीलॅनचे निदान एक पोर्ट, ॲक्सेस वा ट्रंक, प्रत्यक्ष चालू आणि स्पॅनिंग ट्रीने खुले ठेवलेले असल्याखेरीज इंटरफेस वर येत नाही. रात्री प्रयोगशाळेतील शेवटचा संगणक बंद झाला आणि व्हीलॅन २० वाहणारी कोणतीही ट्रंक चालू नसली, तर एसव्हीआय खाली जातो व राउटिंग तक्त्यातून तो गटच नाहीसा होतो. हा बिघाड नव्हे. ती योजनाच आहे.

डीएचसीपीचेही ध्यान ठेवावे लागते. ती विनंती ब्रॉडकास्ट असल्याने व्हीलॅनची सीमा ओलांडत नाही. पत्ते वाटणारा सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असेल, तर ‘आयपी हेल्पर-ॲड्रेस’ या आज्ञेने एसव्हीआयला त्या सर्व्हरचा पत्ता सांगावा. मग तो विनंती त्या सर्व्हरकडे पोचवतो. ही आज्ञा राहून गेली की विंडोज संगणकांवर १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते दिसू लागतात.

पॅकेटचा प्रवास

प्रयोगशाळेतील १९२.१६८.२०.२५ या संगणकाला निकालाचे संकेतस्थळ ठेवणाऱ्या १९२.१६८.१०.५ या सर्व्हरकडे जायचे आहे असे समजू. संगणक आपल्या सबनेट मास्कवरून ताडतो, की हा पत्ता आपल्या गटातला नाही. म्हणून तो सर्व्हरचा नव्हे, तर गेटवेचा, १९२.१६८.२०.१ चा, मॅक पत्ता एआरपीने विचारतो. उत्तर एसव्हीआय देतो. संगणकाने पाठवलेल्या फ्रेमवर गेटवेचा मॅक पत्ता असतो, आतील पॅकेटवर मात्र सर्व्हरचा आयपी पत्ता. स्विच फ्रेम उघडतो, राउटिंग तक्ता पाहतो, पॅकेटच्या आयुर्मर्यादेतून एक वजा करतो आणि नव्या फ्रेममध्ये ते घालून व्हीलॅन १० मध्ये सोडतो. मॅक पत्ते दोन्ही बदलले. आयपी पत्ते तसेच राहिले. सर्व्हरला आपल्याकडे आलेली फ्रेम कार्यालयाच्या एसव्हीआयकडून आलेली दिसते.

दारावरील पहारा

एसव्हीआय उभारताच सर्व व्हीलॅनांमधील वाटा खुल्या होतात, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. पाहुण्यांचे वायफाय वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवले म्हणून ते कार्यालयापासून तुटले, असा समज करून घेतला जातो; वास्तविक राउटिंग सुरू होताच तेथील कोणीही कार्यालयाच्या संगणकापर्यंत पोचू शकतो. त्यासाठी प्रवेशयादी लावावी लागते. यादी वरून खाली वाचली जाते व पहिला जुळणारा नियम लागू होतो. शेवटी न लिहिलेला ‘सर्व नाकारा’ हा नियम असतोच. वरील उदाहरणात व्हीलॅन २० साठी प्रथम सर्व्हर १९२.१६८.१०.५ च्या ४४३ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टास मुभा, मग कार्यालयाच्या उर्वरित गटास नकार, मग इतर सर्वांस मुभा, असा क्रम हवा. पहिले दोन नियम उलटे लिहिले, तर निकालही दिसणार नाही.

दिशेबाबत गोंधळ होतो. ‘इन’ आणि ‘आउट’ हे शब्द स्विचच्या दृष्टीने आहेत : व्हीलॅन २० मधील संगणकांकडून स्विचकडे येणारी रहदारी म्हणजे त्या एसव्हीआयवरील ‘इन’. शिवाय साधी प्रवेशयादी पूर्वीचे संभाषण लक्षात ठेवत नाही. कार्यालयाने प्रयोगशाळेतील संगणकाला पिंग केले, तर पिंग पोचते. उत्तर मात्र वरील यादीत अडकते. टीसीपीच्या बाबतीत ‘एस्टॅब्लिश्ड’ या शब्दाने उत्तरांना वाट देता येते. संभाषणाची स्थिती खरोखर जाणून निर्णय घ्यायचा असेल, तर व्हीलॅनांमधील राउटिंग स्विचऐवजी फायरवॉलवर करणे अधिक चांगले.

नेहमीच्या चुका व हल्ले

चालू ट्रंकवर नवे व्हीलॅन ४० जोडताना ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’ अशी आज्ञा दिली, तर आधीची यादी पुसली जाऊन एकटे ४० उरते. वरच्या मजल्यावरील बाकी सर्व नेटवर्के त्या क्षणी तुटतात. आज्ञा देणारा दूरवरून त्याच ट्रंकने आलेला असेल तर तोही तुटतो. क्रमांकापूर्वी ‘ॲड’ हा शब्द हवा. अनुभवी मंडळी अशा कामाआधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवतात : वाट बंद झालीच, तर दहा मिनिटांनी स्विच पुन्हा सुरू होऊन जतन केलेल्या जुन्या मांडणीवर येतो. काम नीट झाले की ‘रीलोड कॅन्सल’ द्यायचे आणि मगच मांडणी जतन करायची. हा क्रम चुकवू नये.

सिस्कोचा व्हीटीपी हा प्रोटोकॉल व्हीलॅनांची यादी सर्व स्विचांना आपोआप कळवतो. यादीच्या आवृत्तीचा क्रमांक ज्याचा मोठा, त्याची यादी इतर स्विच स्वीकारतात. प्रयोगासाठी वापरलेला जुना स्विच, त्याचे व्हीटीपी क्षेत्रनाम व संकेतशब्द तेच असताना, मोठ्या आवृत्तिक्रमांकासह जोडला, तर त्याची यादी सर्वत्र पसरते. जी व्हीलॅन त्यात नाहीत ती सर्व स्विचांवरून नाहीशी होतात आणि त्यांची पोर्टे निष्क्रिय होतात. मांडणीची मुख्य फाइल पुसूनही हा धोका टळत नाही, कारण व्हीलॅनांची यादी वेगळ्या फाइलमध्ये असते. लहान संस्थेने व्हीटीपी ‘ट्रान्स्परंट’ स्थितीत ठेवणे बरे. तिसऱ्या आवृत्तीत, बदल करण्याचा अधिकार एका मुख्य स्विचपुरता मर्यादित करून ही उणीव दूर केली आहे.

हल्ल्यांपैकी दोन प्रसिद्ध आहेत. सिस्कोच्या अनेक स्विचांचे पोर्ट समोरच्या यंत्राशी वाटाघाट करून आपण होऊन ट्रंक बनू शकते. हल्लेखोराने ती वाटाघाट केली, तर त्या ट्रंकवर मुभा असलेली सर्व व्हीलॅन त्याला उघडी होतात. म्हणून पोर्टावर ॲक्सेस स्थिती स्पष्ट लिहावी व ‘स्विचपोर्ट नोनेगोशिएट’ द्यावे. दुसरा हल्ला दुहेरी टॅगचा. हल्लेखोराचे व्हीलॅन आणि ट्रंकचे नेटिव्ह व्हीलॅन एकच असेल, तर तो दोन टॅग असलेली फ्रेम पाठवतो. पहिला स्विच बाहेरचा टॅग काढतो, दुसरा स्विच आतला टॅग वाचून फ्रेम भलत्याच व्हीलॅनमध्ये पोचवतो. उत्तर परत येत नाही, तरीही उपद्रव होतो. कोणत्याही पोर्टाला न दिलेला क्रमांक नेटिव्ह म्हणून ठेवल्यास हा मार्ग बंद होतो. मूळचे व्हीलॅन १ संगणकांसाठी वापरू नये, असे सांगितले जाते त्यामागेही एक कारण हेच आहे.

मर्यादा आणि पुढील तंत्रे

सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना आपल्या ग्राहकांची व्हीलॅन जशीच्या तशी वाहून न्यावी लागतात. त्यासाठी एका टॅगवर दुसरा टॅग चढवण्याची ८०२.१एडी ही पद्धत आली. हल्ल्यातील युक्तीच येथे रीतसर वापरली आहे. मोठ्या डेटा सेंटरना ४,०९४ हा आकडा अपुरा पडू लागला. २०१४ मध्ये आरएफसी ७३४८ या दस्तऐवजात वर्णिलेल्या व्हीएक्सलॅन तंत्रात क्रमांकासाठी २४ बिट आहेत, म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख क्रमांक. त्यात संपूर्ण इथरनेट फ्रेम यूडीपी पॅकेटात घालून आयपी नेटवर्कवरून नेली जाते. अशा दोन नेटवर्कांमध्येही पॅकेट न्यायचे असल्यास राउटिंग इंटरफेस लागतोच, आणि त्यावरील प्रवेशयादीही.